तणसाची आंघोळ

केशवराव : अहो चंपतराव, निदान दोन घास तरी घ्या. तर्री-पोहे आहेत, काढा नाही.

चंपतराव : नको जी. पोट भरलं हाय.

श्वेता : कशानं भरलं बाबा? सकाळी पाचले टेम्पोत बसलो, तेव्हापासून एक चहा घेतला तुम्ही.

चंपतराव : चहानंच भरलं.

केशवराव : चौतीस वर्षं झाली मला बॉयलरवर. तर्री-पोह्यांना नाही म्हणणारा आपल्याकडचा माणूस आज पहिल्यांदा बघतोय. बरं, ती पिशवी तरी खाली ठेवा. सकाळपासून मांडीवर घेऊन बसला आहात.

चंपतराव : राहू द्या. काही ओझं नाही तिचं. ते दार केव्हा उघडता, तेवढं सांगा.

केशवराव : पुन्हा तेच! तीन वाजता सरपणाचं शेवटचं घमेलं आत गेलं. आता वाजलेत चार. साडेचारशिवाय मी भट्टीच्या दाराला हात लावणार नाही. आधी उघडलं तर तुमच्या भुवया इथेच राहतील आणि घरी गेल्यावर वहिनी तुम्हाला ओळखणार नाहीत.

चंपतराव : तिच्या डोळ्याचं नुकतंच आपरेशन झालं जी. तशीबी कमीच ओळखते.

श्वेता : काका, बाबांचं मनावर घेऊ नका. त्यांना कारखान्यात बसायची सवय नाही. मागच्या खेपेला तर आलेच नव्हते.

केशवराव : हो ना, तुम्ही तो तमाशा पाहिलाच नाहीत चंपतराव. दसऱ्याच्या आधीची गोष्ट. इथल्या धंतोली भागातल्या सहा दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं आमच्याकडे धुवायला येतं. वाफ आहे तर धुलाई आहे. आणि तुमची ही लेक आली धानाच्या पेंढ्याच्या, तणसाच्या दाबून केलेल्या कांड्या घेऊन. म्हणाली, काका, कोळशाऐवजी हे जाळा. मीही म्हटलं, पोरगी धानाच्या तणसातून इतकं छान सरपण करते, बघू या.

चंपतराव : मंग?

केशवराव : मंग काय! तीन तास अशी भडभडून आग, की मी खूश. चौथ्या तासाला वाफ उतरायला लागली. दार उघडून बघतो तर खालची जाळी दिसेना. सगळीकडे खंगर.

चंपतराव : खंगर मले माहीत हाय. वीटभट्टीत विटा जास्त जळल्या का एकमेकीले चिपकून दगड होतेत, तो.

केशवराव : तोच. फक्त यावर वरून हिरवट काच. सळई मारली की टण्ण! तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दुसऱ्या दिवशी भट्टी गार झाल्यावर मी आणि श्वेता आत अर्धे शिरून छिन्नी-हातोड्यानं फोडत होतो. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत. दवाखान्यांचे फोनवर फोन. कामिनीताई म्हणजे आमच्या मालकीणबाई, एरवी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी बॉयलरच्या शिट्टीची गरज पडली नाही.

श्वेता : आणि मी घरी गेले, तर बाबांनी एवढंच विचारलं, टेम्पो रिकामा आणला का भरून?

चंपतराव : विचारलं तं खरं ना.

केशवराव : पण मुलगी जिद्दीची हं तुमची. आठ दिवसांत परत आली. म्हणाली, काका, दोष कांडीचा नाही, तणसातल्या क्षाराचा आहे.

श्वेता : जमिनीतला पोटॅश धान ओढून घेते, काका. दाणे आपण नेतो, पण पोटॅश राहते तणसातच. तो आगीत वितळला का राख त्याच्यात चिकटते. पण क्षार म्हणजे शेवटी मीठच. पाण्यात विरघळते. म्हणून मी तणस धुवून पाहिलं.

चंपतराव : धुवून नाही जी, आंघोळ घालून! गोठ्यामागं टाकी बांधली. तणस बुडवते, दुसऱ्या दिवशी काढते, पुन्हा नव्या पाण्यात बुडवते. पानी निघते चहावानी लाल. मंग खळ्यावर वाळवते, कुट्टी करते अन् मशीनमंधी टाकते. साऱ्या गावानं तमाशा पाहला. शेजारचा रुपराव मले म्हणे, चंपत, तुही पोरगी तणसाले साबण कोन्ता लावते गा?

केशवराव : हसू द्या. आज कळेल. बरं का चंपतराव, तुमच्यासमोर सांगतो, कारण ही सांगणार नाही. कामिनीताई दुसरी संधी द्यायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, माझ्या शब्दावर एकदा द्या. मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. चौतीस वर्षांत कधी काही मागितलं नाही. त्या म्हणाल्या, एकदाच. पुन्हा खंगर निघाला तर आपला कोळसाच बरा, आणि त्या मुलीला फाटकातून आत घ्यायचं नाही.

श्वेता : बाबांना माहीत आहे काका. सोमवारी कोंढाळीचा माणूस येणार आहे कांड्यांची मशीन विकत घ्यायला. आज जमलं नाही तर घेऊन जाईल. मशीनवरच्या आठ बायांना मी सांगितलंय, आज काय ते कळवते म्हणून.

चंपतराव : हाव. माहीत हाय मले.

केशवराव : अहो, मग चेहरा असा का? आठ तास वाफ जागची हलली नाही. हे चांगलं लक्षण आहे. अर्थात मागच्या वेळीही पहिले तीन तास... जाऊ दे. शुभ बोल नाऱ्या.

श्वेता : काका, मलाच तुम्ही घाबरवून राहिले आता.

केशवराव : तुला घाबरवत नाही बेटा, पण एक विचारू? ही खाली सांडलेली कांडी बघ. मागच्या खेपेची पिवळीधमक होती, सोन्याच्या तारेसारखी. ही काळपट आहे. आणि वास घे.

श्वेता : मलाही पोती उतरवताना वाटलं. मशीनचा साचा जास्त तापला असेल. कांड्या पाडायच्या चार दिवसांत मी गावात नव्हतेच, इथे धंतोलीत आईच्या मोतीबिंदूसाठी होते. मशीन त्या आठ बायांतली उन्नती चालवत होती.

केशवराव : साचा तापला तर करपल्याचा वास येईल. हा वास ओल्या घोंगडीचा आहे.

श्वेता : ओल्या? पण धुतलेलं तणस मी स्वतः खणखणीत वाळवून ताडपत्रीखाली ठेवून गेले होते. बाबांना सांगूनही गेले होते. हो ना बाबा? ... बाबा?

चंपतराव : श्वेते, मले एक गोष्ट सांगाची हाय.

श्वेता : काय?

चंपतराव : तू आधी बस.

श्वेता : मी बसलेलीच आहे बाबा.

चंपतराव : मंग मी उभा राहतो. तर असं हाय का... दिवाळीनंतर तो अकरा दिवस पानी पडला. ज्याचं ज्याचं तणस वावरात, बांधीमंधी पडलं होतं, साऱ्यायचं काळं झालं. आपलंच तेवढं आधी उचललं होतं म्हून वाचलं. साऱ्या गावात पिवळं तणस कोनाकडे? चंपतरावकडे. अन् चंपतरावच्या घरी काय चालू हाय? तं पिवळ्या तणसाले आंघोळ घालून जाळाची तयारी!

श्वेता : बाबा, पुढे सांगा.

चंपतराव : काळ्या तणसाले जनावर तोंड लावत नाही वं. धम्मानंदची गाय तीन दिवस दावणीत निस्ती उभी होती. रुपरावचे बैल, पोळ्याले ज्यायच्या शिंगाले मी सोता बेगड लावतो, त्यायच्या बरगड्या दिसून राहिल्या होत्या. तुही माय दवाखान्यात, तू तिच्यापाशी. मी एकटाच खळ्यावर बसून ताडपत्रीकडे पाहत होतो. मले जेवन जाईना. जनावराच्या तोंडचा घास हाय तो. आगीले कसा देऊ?

श्वेता : तुम्ही माझं धुतलेलं तणस वाटलं?

चंपतराव : अकरा घरी. अन् आपल्याबी बैलायले घातलं. काय खाल्लं वं त्यायनं! धुवून नरम झालं होतं ना. रुपरावच्या बैलानं तं पेंढीबरोबर माहा दुपट्टा भी ओढला.

श्वेता : मग या पोत्यांत काय आहे?

चंपतराव : रुपरावच्या बांधीतलं काळं.

श्वेता : काळं! अन् तुम्ही ते धुतलं?

चंपतराव : आता ते कायले धुवू? तसंबी टाकीत पानी नव्हतं. तीन हप्ते उन्हात वाळून खडंग झालं होतं. उचललं, कुट्टी केली, मशीनमंधी टाकलं. उन्नती अन् बाकीच्या बायायनं नाकाले फडके बांधले, इतका भुरका उडत होता.

श्वेता : उन्नतीले माहीत होतं?

चंपतराव : साऱ्यायले माहीत होतं. तुलेच नव्हतं.

श्वेता : बाबा! मी काय सांगत होते दोन महिने? न धुतलेल्या तणसाचा खंगर होते! त्याच्यासाठी टाकी बांधली, त्याच्यासाठी लोक हसले. अन् तुम्ही न धुतलेलं, सडकं तणस काकांच्या भट्टीत टाकाले देलं? सकाळी पोती उतरवतानी तरी तोंड उघडाचं होतं!

चंपतराव : उघडणार होतो. पण तू साऱ्यायच्या पहिले त्या भट्टीले हात जोडले. मंग माही जीभच उचलली नाही.

श्वेता : काका, माफ करा. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकला. मी... मी फोडून देईन सगळं. आज रात्रीपर्यंत, उद्यापर्यंत, जितका वेळ लागेल तितका.

केशवराव : थांब, थांब. रडू नकोस. चंपतराव, तुम्हीही बसा, असे कोर्टात उभे राहिल्यासारखे राहू नका. साडेचार होतात. आता जे आहे ते आहे. दाराआड काय असेल ते आपल्या भांडणानं बदलणार नाही. बाजूला व्हा दोघंही.

(केशवराव हातमोजे चढवतात, दाराचा अडसर काढतात आणि लांब सळई आत घालून जाळीवर आपटतात. एकदा. मग आणखी खोल, दुसऱ्यांदा.)

केशवराव : ऐकलंत?

श्वेता : काय? मला तर काहीच ऐकू आलं नाही.

केशवराव : तेच म्हणतोय. टण्ण नाही. इकडे ये. घाबरू नकोस, ये. ही सळई धर आणि तूच फिरव.

श्वेता : हे... हे मऊ लागतंय काका.

केशवराव : राख आहे. कोपऱ्यात बघ. तिथेच मागच्या वेळी सगळ्यात जाड थर होता.

श्वेता : दोन खडे आहेत. बोरांएवढे.

केशवराव : दाब त्यांना.

श्वेता : फुटले. भुगा झाला! काका, जाळी दिसून राहिली! सगळी जाळी दिसून राहिली!

केशवराव : पांढरी, भुसभुशीत राख. आठ तास जाळल्यावर! कोळशातसुद्धा मला इतकी स्वच्छ जाळी मिळत नाही. चौतीस वर्षं म्हणतो मी ती काही उगीच नाही. जाळी स्वच्छ निघाली, हे मी तुला लिहून द्यायला तयार आहे.

श्वेता : काका, मला जरा टेकू द्या. देवा रे! दोन महिन्यांत पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखं वाटतंय.

चंपतराव : म्हंजे... झालं का? चांगलं झालं का जी?

केशवराव : चांगलं? अहो चंपतराव, झकास झालं! फक्त का झालं, ते मला कोणी तरी सांगा. धुतलेलं गाईनं खाल्लं, न धुतलेलं जळलं आणि खंगर नाही. मग ती टाकी कशासाठी होती?

श्वेता : थांबा. थांबा काका. बाबा, रुपरावकाकांच्या बांधीत ते तणस किती दिवस भिजत होतं म्हणाले?

चंपतराव : अकरा दिवस. सांगतलं ना. पानी पडे, निघून जाय, पुन्हा पडे.

श्वेता : आणि बांधीतलं पाणी कसं होतं? रंग कसा होता?

चंपतराव : लाल. चहावानी. मी म्हटलं मातीनं झालं असन.

श्वेता : मातीनं नाही बाबा! माझ्या टाकीतलं पाणी लाल होते, तेच हे. मी दोन दिवस बुडवत होते, पावसानं अकरा दिवस धुतलं. पोटॅश सगळा बांधीत उतरला. दिसायला काळं, पण आतून माझ्या तणसापेक्षा जास्त धुतलेलं! अन् मी वेडी, पावसानं खराब केलं म्हणून त्याच्याकडे पाहिलंच नाही.

केशवराव : म्हणजे गुरांनी नाकारलेलं तणस भट्टीला गोड लागलं.

चंपतराव : असं कसं जी? जे जनावराले चालत नाही, ते आगीले चालते?

श्वेता : गुरांना बुरशीचा वास येतो, बाबा. आगीला नाक नसतं.

केशवराव : चला, वाटणी झाली. पिवळं गोठ्याला, काळं बॉयलरला. कोणाच्या तोंडचा घास कोणी ओढायचा नाही.

चंपतराव : अन् रुपराव तं ते पेटवूनच देणार होता. मी म्हटलं, दोन दिवस थांब गा, मी उचलतो. तो म्हणे, घेऊन जाय बावा, बांधी मोकळी कर.

श्वेता : गावात अजून किती आहे तसं?

चंपतराव : पाय ठेवाले जागा नाही इतकं. धम्मानंदच्या बांधीत हाय, नाल्यापल्याड सारंच काळं.

केशवराव : एक मिनिट. आनंद मलाही झालाय, पण मी बॉयलरवाला माणूस आहे; हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, असं मी करत नाही. एका खेपेवर विश्वास नको. अशाच आणखी दोन खेपा आण, वेगवेगळ्या बांधीतल्या. आणि ज्या वर्षी अवकाळी पाऊस येणार नाही, त्या वर्षी काय करशील?

श्वेता : टाकी आहेच ना काका. नाहीतर तणस बांधीतच पसरून ठेवीन, कॅनॉलचं पाणी सोडीन, दोनदा काढीन. क्षार शेतातला शेतात राहील. खतही वाचेल. आता मला कळलंय काय करायचं ते.

केशवराव : मग मी आत्ता वर जाऊन कामिनीताईंना सांगतो. आणि त्या कोंढाळीवाल्याला तू फोन कर.

श्वेता : त्याला काय सांगू?

चंपतराव : सांग का मशीनले सवड नाही म्हना.

श्वेता : तुम्ही नका बोलू बाबा. मी अजून रागावलेली आहे. मले विचारलं असतं तं काय झालं असतं?

चंपतराव : तू नाही म्हटलं असतं.

श्वेता : हो, म्हटलंच असतं!

चंपतराव : मंग? ... नाही, बरोबर हाय तुहं. चुकलं माहं. गाय मुकी हाय म्हून तिचं ऐकलं, अन् घरची पोरगी बोलते तं तिले सांगतलं नाही. आजच्या दिवशी खंगर निघाला असता तं मी कोन्या तोंडानं घरी गेलो असतो, ते माहं मले माहीत.

श्वेता : धम्मानंदकाकांची गाय खाते आता?

चंपतराव : खाते ना. दूध भी वाढलं म्हने.

श्वेता : बरं झालं. आता तुम्हीही खा. पोहे गार झाले, पण तर्री अजून कोमट आहे.

चंपतराव : आण. तिखट असन तं अजून टाक.

केशवराव : आली, भूक आली! आता कळलं, पोटात चहा नव्हता, तणस होतं.

श्वेता : पिशवी इकडे द्या बाबा, मांडीवर ताटली कशी ठेवाल? आईनं डबा दिला असेल ना त्यात... अगं आई गं! इतकी जड? काय भरून आणलं?

चंपतराव : राहू दे ते. खाली ठेव. उघडू नको.

श्वेता : छिन्नी? दोन छिन्न्या. अन् हा तर आपला विहिरीवरचा घण आहे. बाबा, हे कायले आणलं जी?

चंपतराव : खंगर निघाला असता तं म्या फोडला असता.

श्वेता : तुम्ही? या वयात, त्या भट्टीत शिरून?

चंपतराव : मंग काय करू? मागच्या बारीले तू घरी आली, तं भाकरीचा तुकडा मोडाले येत नव्हता तुले. दोन्ही हाताले फोड होते. मी पाहले होते.